वेणी घालून घेताना

माझा उजवा हात मोडला तेव्हा आमच्या चर्चच्या मंडळीतल्या सुलोचनाबाई रोज सकाळी माझी वेणी घालायला येऊ लागल्या. मी पाळकांची बायको. इतकी वर्षं आजाऱ्यांना डबे पोचवले, बाळंतिणींच्या उशाशी बसले. पण स्वतःसाठी कुणाला काही करू देणं मला जमत नव्हतं. त्या दारात दिसल्या, की मी डाव्या हाताने चहाचं आधण ठेवायला धावायचे.

चौथ्या दिवशी त्यांनी गॅस बंद केला. म्हणाल्या, "पाळकीणबाई, आज चहा नको. नुसत्या बसा."

मी बसले. त्या केसांना तेल लावू लागल्या तशी माझी मान ताठ झाली.

"मान सैल सोडा की. मी धरलीय."

ती सोडायला मला बराच वेळ लागला. प्रभू आपल्यावर प्रीती करतो, हे मी संडे स्कूलच्या मुलांना शिकवत आले. प्रार्थनेत मात्र रोज त्याला केलेल्या कामांची यादीच ऐकवायचे. त्याच्या प्रीतीला लायक ठरावं म्हणून आपण राबत होतो, हे त्या खुर्चीत पहिल्यांदा कळलं. आज सांगण्यासारखं एकही काम हातून झालं नव्हतं, आणि तरी कुणीतरी माझ्या केसांतला गुंता न दुखवता सोडवत होतं.

माझे डोळे भरून आले. सुलोचनाबाईंनी वाकून पाहिलं. "दुखलं का?"

"नाही," मी म्हणाले. "सावकाश होऊ द्या."