मेन स्विचवरचा हात

धर्मासाठी म्हणून दुसऱ्यांची वस्ती पेटवायच्या कटात माझा पुतण्या सात वर्षं तुरुंगात होता. सुटला तेव्हा गल्लीतली चार टाळकी हार घेऊन आली. तो हार मी गटारात फेकला आणि दुसऱ्याच दिवशी पुतण्याला कामतघरच्या आमच्या यंत्रमागाच्या कारखान्यात लूमवर उभा केला, तोही मुद्दाम आमच्या सगळ्यात जुन्या मुसलमान कारागिराच्या, चाचांच्या शेजारी.

महिनाभर दोघांनी एकमेकांशी चकार शब्द काढला नाही आणि माझी नजर काही पुतण्यावरून हलली नाही. एका दुपारी चाचा नमाजाला निघाले. कोणी बाहेर गेलं की शेजारचा त्याचे लूम बघतो, अशी आमच्याकडे रीतच आहे. चाचांनी पुतण्याच्या खांद्यावर हात ठेवला, "चार लूम हैं, देख लेना," म्हणाले आणि गेले.

पुतण्याने काही वेडंवाकडं केलंच तर सगळं एकदम बंद करता यावं म्हणून मी मेन स्विचवर हात ठेवून उभा राहिलो. तेवढ्यात चाचांच्या लूमवर एक धागा तुटला. पुतण्या कात्री घेऊन धावला. लूम थांबवला, गाठ मारली, पुन्हा चालू केला. माझा हात स्विचवरच.

चाचा परत आले, कापड चाचपून पाहिलं आणि कामाला लागले. पुतण्या माझ्यापाशी आला. स्विचवरच्या माझ्या हाताकडे बघत तो खडखडाटात ऐकू यावं म्हणून कानाशी वाकला.

"काका, तुरुंगात दिवसातून दोनदाच झडती व्हायची."