दोन्ही कडा

आनंद नगरच्या विश्वनाथ मेस्त्रींना नाकावर माशी बसलेली खपत नसे. रायसेन रोडवरच्या एका छोट्या कारखान्यात चौतीस वर्षं ते टर्बाइनच्या बेअरिंगचे पॅड हाताने घासत आले. फिरणाऱ्या यंत्राचा सगळा भार या पॅडांवर, आणि मध्ये तेलाचा कागदाएवढा थर. तेल ज्या बाजूने शिरतं ती कड जराशी उतरती करायची, हा त्यांचा हातखंडा. चौतीस वर्षांत एकही काम परत आलं नव्हतं, आणि हे ते आल्यागेल्याला ऐकवत. निवृत्तीला आता आठ दिवस उरले होते.

शेवटचं काम दूर डोंगरातल्या एका प्रकल्पाचं होतं. तिकडे विजेच्या तारा धड पोचत नाहीत, सौर पॅनल मात्र भरपूर. बारा पॅड त्यांनी ड्रॉइंग न उघडता घासले. तपासणाऱ्यानेही विश्वनाथांचं नाव वाचून शिक्का मारला. पेट्या ठोकून झाल्या.

रविवारी जेवताना ते बायकोला, शारदाबाईंना, यंत्राचं कौतुक सांगत होते. "दुपारी उन्हाची वीज उरते ना, तिच्यावर हेच यंत्र खालच्या तळ्यातलं पाणी वरच्या तळ्यात चढवतं. संध्याकाळी तेच पाणी खाली सोडलं की गावांत दिवे. चढवताना उलटं फिरतं, सोडताना सुलटं."

"मग उलटं फिरताना तेल कुठून शिरतं हो?" शारदाबाईंनी भात वाढता वाढता विचारलं. इतकी वर्षं बिचाऱ्या हेच ऐकत आल्या होत्या.

विश्वनाथांचा घास हातातच राहिला. उलटं फिरताना तेल दुसऱ्या कडेने शिरणार, आणि त्यांनी एकच कड उतरवली होती. सपशेल चुकलं होतं.

सोमवारी सकाळीच त्यांनी इंजिनिअर दीप्तीला सगळं सांगून टाकलं. पेट्या न्यायला आलेली गाडी तिने थांबवली. "काका, टेन्शन मत लो. पेट्यांना ओल लागली म्हणून उघडल्या, असं लिहिते. तुमचा रेकॉर्ड कशाला खराब करायचा?"

ते हो म्हणायच्या बेतात होते. मग काचेपलीकडे नजर गेली. त्यांच्या हाताखाली तयार झालेले सहा जण मान खाली घालून घासत होते, अगदी त्यांच्यासारखे. असलीच आणखी चार यंत्रं पुढच्या वर्षी त्यांच्याकडे येणार होती.

"ओल नको," ते म्हणाले. "माझं नाव लिही. आणि कागद सगळ्यांना दिसेल असा लाव."

कागद लागला. विश्वनाथांना फार वाईट वाटलं, रडू येईल इतकं. सहाही जणांनी तो वाचला. मग त्यांतला थोरला म्हणाला, "उस्ताद, दूसरी तरफ कितना उतारना है?"

"पता नहीं," विश्वनाथ म्हणाले. चौतीस वर्षांत हे त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं.