बिल्ल्याचा कान

बँका सरकारी झाल्या आणि काही वर्षांनी गरिबांच्या कर्जयोजना निपाणीकडच्या आमच्या वस्तीपर्यंत पोचल्या. वस्तीतली पहिली बी.ए. मी. मॅनेजरसमोर खुर्चीवर बसून बोलले आणि म्हैस दारात आणली. दूध डेअरीला जायला लागलं तशी आईनं विड्या वळायचं सोडलं. तंबाखूनं धरलेला तिचा खोकला जरा मागं हटला.

पुढच्या उन्हाळ्यात म्हैस फुगून मेली. विमा होता. पण अट अशी की कानात ठोकलेल्या विम्याच्या बिल्ल्यासकट कान कापून दाखवायचा, तरच दुसरी म्हैस. अट लिहिणाऱ्याला आमची वस्ती कुठली ठाऊक? धम्म घेतला त्या दिवसापासून आम्ही मेलेलं ढोर ओढायचं, फाडायचं सोडलं होतं. गावानं पिढ्यान्‌पिढ्या तेच करून घेतलं होतं आमच्याकडून.

"आपली म्हस आपुन पुरू," माझे वडील, आप्पा म्हणाले. "सुरी लावायची न्हाय."

"आणि दुसरी?" आईनं विचारलं. तिनं विड्यांचं सूप माळ्यावरून खाली काढलं.

म्हैस मेल्याच्या दाखल्यासाठी मी सायकल मारत जनावरांच्या सरकारी डॉक्टरला आणायला गेले. ते आले तेव्हा ऊन डोक्यावर होतं. कुत्री जवळ सरकत होती, पोरं दगड मारून हाकलत होती.

"अजून कान कापला नाही?" डॉक्टर म्हणाले. "तुमच्यात तर सगळ्यांना येतंय की हे काम."

भोवती सगळी वस्ती जमली होती. आप्पांच्या मुठी वळल्या.

"येत होतं," मी म्हणाले. "सोडलं. आता सरकार ज्याला पगार देतंय त्यानं करावं."

"मी निघालो तर बिल्ला मातीत जाईल. मग बसा!"

"जाऊ दे मातीत," आप्पा म्हणाले. "निघा तुमी."

डॉक्टर वळले. आईकडं बघायची माझी छाती होईना.

"निघा," मी म्हणाले. "मी पण निघते, बँकेत. आत्ता काय बोललात ते मॅनेजरसमोर सांगते, तुमच्या वरच्यांना लेखी कळवायला लावते. साक्षीला ही सगळी वस्ती आहे."

ते थांबले. मग घड्याळ काढून खिशात घातलं आणि म्हणाले, "सुरी द्या."

"सुरीबी तुमचीच," आई म्हणाली.

त्यांनी बॅग उघडली.

दुसरी म्हैस पावसाळ्याआधी आली. बिल्ला ठोकायला तेच डॉक्टर. आप्पांनी म्हशीची मान धरली आणि आधीच सांगून टाकलं, "मेली तर तुमीच यायचं. व्हय ना?"

"व्हय," डॉक्टर म्हणाले.