धिरड्याचं मशीन आणि आईचा डावा हात

आईला लकवा मारला तेव्हा तिची उजवी बाजू गेली. पाय काही महिन्यांनी घासत घासत का होईना चालू लागला, हात मात्र परत आला नाही. तो कोपरात दुमडून छातीशी पडून असायचा. उरला डावा. त्या डाव्या हातानं ती दात घासायची, केस विंचरायची, जेवायची. अकोल्याच्या आमच्या घरात स्वयंपाकही त्याच हातानं व्हायचा. बाबांचे दोन्ही हात शाबूत होते, पण स्वयंपाकघरात ते हिशेबात धरायची पद्धत नव्हती.

बाबा समाजसुधारणेच्या चळवळीतले, पत्रकं लिहितात. हुंड्याविरुद्ध, बुवाबाजीविरुद्ध, आणि बायकांच्या कष्टांबद्दल तर कितीतरी. त्या पत्रकांच्या घड्या घालतच मी मोठी झाले. मी अक्षरं शिकले ती त्यांच्यावरच. घरकाम ही पुरुषाचीही जबाबदारी आहे, हे मला शाळेत जायच्या आधी पाठ होतं.

आईच्या आजारानंतर बाबांनी घरात यंत्रं आणायला सुरुवात केली. आधी दोरी ओढून कांदा चिरायचं आलं. त्याला धरायला एक हात लागतो आणि ओढायला दुसरा, हे घरी आल्यावर कळलं. आई ते मांड्यांत दाबून धरायची. मग लसूण सोलायची रबरी नळी आली, मग कणीक मळायचं भांडं. प्रत्येकाला एकच काम येत होतं. शेवटी आलं धिरड्याचं मशीन.

विजेवर तापणारा, मूठ असलेला गोल तवा. तापला की उचलायचा, पालथा करून ताटलीतल्या पिठात बुडवायचा आणि परत सुलटा ठेवायचा. पिठाचा थर त्याला चिकटून येतो आणि तिथंच भाजतो. मैद्याचं पातळ पीठ असलं तर हे जमतं. आमच्याकडं धिरडं ज्वारीचं. दाट पीठ, त्यात लसूण-मिरचीचं भरड वाटण. तव्याला अर्ध्या कांद्यानं तेल फासायचं आणि पीठ ओल्या हातानं पसरवायचं. ते पीठ मशीन धरेना. तवा वर उचलला की अर्धं पीठ खाली गळायचं. बाबा खोक्यातला कागद वाचून दाखवायचे आणि आई पीठ आणखी पातळ करत जायची. अखेर तिनं अर्धा मैदा मिसळला, वाटण गाळून घेतलं, तेव्हा एक पांढरट, बेचव पापुद्रा निघाला. बाबांनी मला फोन केला. आता तिला काही करावंच लागत नाही, सगळं मशीनच करतं, असं सांगत होते.

मी अमरावतीला नोकरी करते. पुढच्या सुटीत घरी गेले तेव्हा ते मशीन चालताना पाहिलं. तापलेला तवा एका हातानं पालथा करायचा म्हणजे सगळा भार मनगटावर येतो. तो उचलताना आईचे ओठ आत ओढले जात होते. दोन धड हात असलेल्याला या वस्तूची गरज नाही, त्याला साधा तवा पुरतो. आणि जिच्यासाठी ती आणली तिला ती पेलत नव्हती. मी बाबांना म्हटलं, हे माळ्यावर टाका आणि धिरडी तुम्ही घालायला शिका. ते हसून म्हणाले, शिकतो. मी आईला बजावलं की हा हात गेला तर तुझं काहीच उरणार नाही. तिनं मान डोलावली.

पंधरवडाही गेला नसेल. बाबांनी चळवळीतल्या दोघांना सकाळी नाश्त्याला बोलावलं. मशीनही दाखवायचं होतं. बाहेरच्या खोलीत त्यांच्या गप्पा चालल्या होत्या आणि आई आत धिरड्यांवर धिरडी काढत होती. तिचं मनगट थकलं आणि तवा हातातून निसटला. नुसता सोडून दिला असता तर फरशीवर पडला असता, एवढंच. पण नवं मशीन मोडेल म्हणून तिनं तो झेलला. तळहातावर.

फोन आला तशी मी निघाले, अर्ध्या वाटेवरच्या मूर्तिजापूरपर्यंत एस.टी.त उभी होते. घरी पोचले तेव्हा तिला दवाखान्यातून आणलं होतं. उजवा हात छातीशी, डावा पट्ट्यांमध्ये गुंडाळलेला. पाण्याचा ग्लाससुद्धा तिला उचलता येत नव्हता. बाबा मोबाईल घेऊन माझ्याशेजारी बसले. यात मूठ पक्की आहे, म्हणाले, आणि दुसऱ्या मशीनचा फोटो दाखवला.

मी मोबाईल पालथा ठेवला. त्यांच्याच पत्रकांमधली वाक्यं त्यांना ऐकवली. ते ऐकत राहिले, मग चिडले.

"एवढं वाट्टे तं नोकरी सोडून ये इथं."

"काहून? तुमचे हात कुठं गेले, बाबा?"

बोलली ती आई, भिंतीकडे तोंड करून.

"त्याईले नको बोलू वं. मशीन मीच मांगतली होती."

मग तिनं थोडं थोडं सांगितलं. भेटायला येणाऱ्या बायका तिच्याबद्दल तिच्यासमोरच बोलायच्या, जणू ती तिथं नाहीच. बाबा स्वयंपाकाला बाई लावू म्हणत होते. चुलीपाशी दुसरी बाई आली की आपण खाटेवरचं गाठोडं झालो, असं तिला वाटलं. म्हणून तिनं फोनवर त्या मशीनची जाहिरात पाहून बाबांना सांगितलं की हे आणा, मला जमेल.

माझा राग निवला नाही, फक्त तो कुणा एकावर धरता येईना. एवढ्या वर्षांच्या संसारात आज जेवायला काय केलंस याखेरीज तिला काही विचारलंच गेलं नव्हतं, तर तिनं मागायचं तरी दुसरं काय?

जखम भरली, पण तळव्याची कातडी आखडली. बोटं मिटत नाहीत. डॉक्टरांनी रबरी चेंडू दिला आहे, तो तिच्या हातात ठेवला की घरंगळतो.

आता दोन्ही वेळा गल्लीतल्या एका बाईकडून डबा येतो. गेल्या आठवड्यात मी गेले तेव्हा त्यात धिरडी होती, ज्वारीची, लसणाची, चांगली खमंग. बाबांनी एकेक तुकडा तोडून आईला भरवला. तेवढं ते न चुकता करतात. मध्येच थांबून त्यांनी तिला विचारलं,

"तुह्या हातच्यासारखं नाई ना?"

आईनं माझ्याकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं.

"नाई," ती म्हणाली.

बाबा समाधानानं हसले आणि त्यांनी पुढचा तुकडा तोडला.