माझ्या अ‍ॅम्प्लिफायरचं पोट कुणी बदललं?

आमची टोळी चौघांची. चौघांनाही जुन्या स्पीकरांचं आणि व्हॉल्व्हवर, म्हणजे काचेच्या नळ्यांवर, चालणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरांचं वेड, आणि एकाचाही दुसऱ्याच्या कानांवर काडीचा विश्वास नाही. वकीलसाहेबांचं मत असं, की निपाणीच्या अण्णाला खर्ज ऐकू येतच नाही, तो फक्त खिडकीच्या काचा थरथरतात का ते बघतो. अण्णाचं मत असं, की वकिलाचे कान कोर्टात वापरून झिजले. माझ्याविषयी दोघांचं एकमत आहे, ते मी इथं लिहिणार नाही. चौथे वडगावचे आप्पा. ते मतच देत नाहीत. ते दुरुस्ती करतात.

आप्पांचं घर विणकराचं. पुढच्या खोलीत हातमाग, मागच्या खोलीत टेबल, आणि टेबलावर पोट उघडून पडलेली जुनी यंत्रं. गल्लीत सकाळपासून यंत्रमागांचा खडखडाट असतो, म्हणून आमची ऐकायची बैठक मागांना सुट्टी असेल त्याच दिवशी. आप्पांचा कान मात्र त्या खडखडाटातच तयार झालेला. जेवता जेवता हात थांबवून ते सांगतात, "पलीकडच्या घरात धागा तुटला," आणि तो तुटलेला असतो. आम्ही तिघं यंत्रात गोडवा ऐकतो. आप्पा बिघाड ऐकतात. हा फरक मला फार उशिरा कळला, आणि तो कळेपर्यंत मी एका सज्जन माणसाची पार वाट लावत आणली होती.

आप्पांचा एक नेम आहे. यंत्रातून जे काही काढतील, मग तो जळका तुकडा असो की गंजका स्क्रू, ते लाल कापडाच्या तुकड्यात बांधून गिऱ्हाइकाला परत द्यायचं. कापड त्यांच्याच मागावरचं, गाठ पक्की. "तुमचं ते तुमच्या घरात," एवढंच म्हणतात. जुन्या यंत्रांच्या धंद्यात याला फार किंमत आहे. चांगला मूळ व्हॉल्व्ह काढून घ्यायचा आणि जागी कसलाही बसवायचा, ही कला अवगत असलेले मेकॅनिक गल्लोगल्ली सापडतात.

आता माझ्या यंत्राविषयी. निपाणीच्या बाजूला जत्रांमधून तंबू लावून फिरणारा एक सिनेमा होता. तो बंद पडला तेव्हा त्याचे दोन अ‍ॅम्प्लिफायर अण्णाच्या तंबाखूच्या वखारीत येऊन पडले. जुळे भाऊच. एकाच कारागिराचे, एकाच घडणीचे, तोच हिरवा पत्रा. अण्णानं आधी आपला निवडला आणि उरलेला मला दिला. तेव्हापासून मी गावभर सांगत होतो, की अण्णा चुकला. माझ्या यंत्राच्या खर्जाला एक ऊब आहे, गोधडीत शिरल्यासारखी, ती अण्णाच्यात नाही. माझ्या घरी येणाऱ्याला चहाच्या आधी ही ऊब ऐकवली जात असे.

मागच्या वर्षी आवाजाचं बटण खरखरायला लागलं म्हणून यंत्र आप्पांकडे दिलं. त्याच आठवड्यात अण्णाचाही जुळा भाऊ स्विच बदलायला तिथंच आला. दोन सारखी यंत्रं, एक टेबल! माझ्यासारख्या इतिहासाच्या मास्तराला तिथंच धोका दिसायला हवा होता.

मी शाळेत असताना आप्पा स्कूटरवरून यंत्र घरी पोचवून गेले. संध्याकाळी आलो तर ही म्हणाली, "आप्पा आलते. तुमचं ते धूड ठेवून गेले." पुढंही काहीतरी सांगत होती, पण मी बूट न काढता यंत्राला तारा जोडायला बसलो होतो. रेकॉर्ड लावली. सुई टेकली.

ऊब नव्हती.

आवाज स्वच्छ होता. इतका स्वच्छ, की माझ्या अंगावर काटा आला. सारंगी दवाखान्यात बसून वाजवल्यासारखी. मी यंत्र उलटं केलं. तळाला मी हिच्या नेलपॉलिशचा एक ठिपका गुपचूप लावून ठेवलेला, तो जागेवर होता. म्हणजे पेटी माझीच. मग उरलं काय? पोट. कुणीतरी माझ्या यंत्राचं पोट बदललं होतं! आणि आसपास कुठंही लाल कापडाचं गाठोडं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा आप्पांनी काढलेलं सामान परत दिलं नव्हतं.

पुढच्या रविवारी मी सहज म्हणून निपाणी गाठली. अण्णानं यंत्र चालू केलं आणि मी खुर्चीतून पडायचा बाकी राहिलो. माझी ऊब! तीच गोधडी!

"अण्णा, तुझ्यात फरक पडलाय," मी म्हणालो.

"पडला की. स्विच नवा हाय."

"फक्त स्विच?"

"फक्त स्विचच. मीच सांगितलतं आप्पास्नी, बाकी कशाला हात लावू नका म्हणून." आणि मग डोळे बारीक करून, "का रं?"

मी मान हलवली आणि हसलो. या हसण्याचा अर्थ त्यानं त्याच्या परीनं लावावा, एवढीच माझी इच्छा होती. त्यानं लावला.

इथं मला कबूल केलं पाहिजे, की मी आप्पांना सरळ विचारलं नाही. विचारलं असतं तर गोष्ट दोन मिनिटांत संपली असती, आणि मला ती संपायला नको होती. तपास चालू असताना माणूस किती तरतरीत असतो! मी वकीलसाहेबांना आडून विचारलं, की मूळ सामान ठेवून घेणं हा गुन्हा कुठल्या कलमात बसतो. आमच्या मोबाईलवरच्या ग्रुपात एक वाक्य टाकलं: 'हल्ली काही भरवशाची माणसंही जुने भाग परत देत नाहीत, असं ऐकतो.' नाव घेतलं नाही. त्या ग्रुपात कोल्हापूरपासून धारवाडपर्यंतचे शौकीन आहेत. आप्पा नाहीत, त्यांच्याकडे बटणांचा साधा फोन. नाव घ्यायची गरजच पडली नाही. जुने भाग परत देणारा माणूस अख्ख्या भागात एकच होता.

घर सोडून सगळीकडे चौकशी केली. नेमकी तिथंच चूक झाली.

तीन आठवड्यांनी मागांच्या सुट्टीला आम्ही वडगावात जमलो. आप्पांच्या टेबलावर एकही यंत्र नव्हतं. मी ते टेबल रिकामं कधी पाहिलेलं नाही. आप्पांच्या बायकोनं चहा ठेवला, पण नेहमीसारखी बसली नाही.

"गडहिंग्लजचे आलते," आप्पा म्हणाले. "न केलेलंच यंत्र परत घेऊन गेले. धारवाडवाल्यांचा पोरगा आलता, त्यानंबी नेलं. काय झालंय कोण सांगंना." मग माझ्याकडे बघून, "मास्तर, तुम्हांला ठावं हाय म्हणत्यात."

आता मागं सरकणं माझ्या स्वभावात नाही. मी उभा राहिलो. दोन्ही यंत्रं आम्ही सोबत आणलीच होती. मी जाहीर केलं, की परीक्षा होऊ द्या. आड पडदा धरा, स्पीकर तेच, रेकॉर्ड तीच. पडद्यामागं कधी हे जोडा, कधी ते. माझं पोट कुठल्या पेटीत आहे ते मी डोळे मिटून सांगतो.

मागावरून नुकतीच उतरलेली एक साडी आणली. एक टोक खिळ्याला, दुसरं वकीलसाहेबांच्या हातात.

"अंतरपाट झाला," वकीलसाहेब म्हणाले. "मंगलाष्टकं कोण म्हणतंय?"

"नवरी कुठली ते तर कळू दे," अण्णा म्हणाला.

आप्पा पडद्यामागं गेले. मी खुर्चीत मांडी घालून बसलो, डोळे मिटले. पहिलं यंत्र वाजलं. सारंगी, स्वच्छ, दवाखान्यातली. मी नाक मुरडलं. खटका पडला, तारा बदलल्या. पलीकडून एक श्वास घेतल्यासारखा सूक्ष्म आवाज आला आणि मी हात उंचावून ओरडलो,

"हेच! हेच माझं! हीच ती ऊब!"

पडद्यामागून आप्पांचा शांत आवाज आला. "मास्तर, सुई अजून माझ्या हातात हाय. गाणं लागलंच न्हाय."

वकीलसाहेबांच्या हातून साडीचं टोक सुटलं. पलीकडं अण्णाचं यंत्र चालू होतं, रेकॉर्डची सुई खरोखरच आप्पांच्या बोटांत वर धरलेली होती, आणि स्पीकरांतून मंद, सतत, भुंग्यासारखं येत होतं: घूंऽऽऽ.

"ही तुमची ऊब," आप्पा म्हणाले. "वीज गाळणारा कंडेन्सर वाळला की विजेचा घूं आत शिरतो. दोन्हीतबी होता. तुमच्यातला फुगून फुटायला आलता म्हणून बदलला. अण्णांनी हात लावू नका म्हटलं, म्हणून ठेवला."

शरम आली की मला जास्तच युक्तिवाद सुचतात.

"बदलला ना? मग जुना कुठंय? गाठोडं कुठंय?"

आप्पांनी सुई तिच्या जागी ठेवली. "तुमच्या घरात. वैनींच्या हातात दिलंय. लाल गाठोडं."

"माझ्या घरात नाही."

"व्हय?" एवढंच म्हणाले. मग दोन्ही यंत्रांच्या तारा काढल्या, गुंडाळल्या, ज्याची त्याच्या पेटीवर ठेवल्या. "घेऊन जावा सगळी. आता मी कुणाच्या यंत्राला हात लावत न्हाय."

आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "बरं झालं. माग तरी कुणाचं पोट चोरत न्हाय."

वकीलसाहेबांनी गाडीतून मला घरी सोडलं. वाटेत बोलले नाहीत. वकील बोलत नाही तेव्हा खटला हरलेला असतो. यंत्र छातीशी धरून मी दारात आलो. वजन इतकं, की मान मागं टाकावी लागते. मान मागं टाकली आणि मला माझ्याच दाराची चौकट दिसली.

चौकटीच्या मधोमध, लिंबू-मिरच्यांच्या शेजारी, लाल कापडाचं गाठोडं लटकत होतं. पक्की गाठ.

"हे काय आहे?" मी उंबऱ्यावरूनच ओरडलो.

"ते होय?" ही बाहेर आली. "आप्पांनीच दिलंवतं यंत्राबरोबर. लाल फडक्यात काहीतरी कठीण, मला वाटलं तुमच्या त्या धुडाची दृष्ट लागू नये म्हणून नारळाची वाटी-बिटी असंल. बांधलं दाराला. त्याच दिवशी सांगितलंवतं तुम्हांला. तुम्ही तारा चघळत होता."

महिनाभर मी त्याच गाठोड्याखालून शाळेला जात होतो, येत होतो, पुरावा शोधत होतो.

वकीलसाहेबांची गाडी अजून दारातच होती; यंत्र पुन्हा तिच्यात घालून त्याच पावली आम्ही वडगावला परतलो. वाटेत मी एक भाषण तयार केलं, त्यात दोन ठिकाणी आवंढा गिळायचा होता. अण्णा अजून आप्पांच्या दारात उभा होता. निपाणीला जायला त्याचा पाय निघत नव्हता. मी गाठोडं पुढं धरलं आणि म्हणालो, "आप्पा, मानवी मनाचा हा जो संशय..."

"गाठ सोडा," आप्पा म्हणाले.

मी सोडली. आत फुगलेला, टोकाला पांढरं मीठ धरलेला कंडेन्सर, एक झिजलेलं बटण, दोन स्क्रू. आप्पांनी माझं यंत्र उघडलं, जुना कंडेन्सर तात्पुरता जोडला, यंत्र चालू केलं. घूंऽऽऽ. माझी गोधडी, जशीच्या तशी.

"ठेवू का काढू?" त्यांनी विचारलं.

खरं सांगतो, क्षणभर 'ठेवा' असं ओठांवर आलं होतं. इतकी वर्षं मी या बिघाडाला चहा पाजला होता. पण तिघं माझ्याकडे बघत होते, आणि आतल्या दाराआड आप्पांची बायको ऐकत होती.

"काढा," मी म्हणालो. "आणि मी काय केलं ते आत्ता ग्रुपात लिहितो. तुमचं नाव घालून. माझंही घालून."

तिथंच उभ्या उभ्या लिहिलं. वकीलसाहेबांनी वाचून दोन शब्द कडक केले. आप्पांना वाचून दाखवलं. ते 'बरं' म्हणाले नाहीत, पण खाली मान घालून कंडेन्सर काढू लागले. मग अण्णा दारातून आत आला, आपली हिरवी पेटी उचलली आणि रिकाम्या टेबलावर ठेवली.

"माझ्यातलाबी काढा, आप्पा. पोट उघडून टाका."

"हात लावू नका म्हणलता."

"हौद्री, व्हय, म्हणलतो. आता लावा."

टेबल भरायला पावसाळा गेला. गडहिंग्लजवाले परत आले, धारवाडचा अजून आलेला नाही. माझं यंत्र स्वच्छ वाजतं. कधी कधी गाणं लागायच्या आधीच्या शांततेत मी काहीतरी शोधत बसतो, पण ते कुणाला सांगत नाही.

आप्पांचा नेम चालू आहे. इतरांचं गाठोडं ते स्वतः बांधतात आणि घरी पोचवतात. माझ्या वेळी मात्र मला बोलावून घेतात, काढलेलं सामान अण्णा आणि वकीलसाहेबांच्या देखत टेबलावर मांडतात, लाल तुकडा माझ्यापुढं सरकवतात आणि गाठ मलाच मारायला लावतात.