कापसावरचा दिवाण

माझ्या लग्नात मुलगी नंतर, आधी घर पाहतात. मी चौतिशीचा, शहाद्याजवळच्या खेड्यात शेती करतो, व्यसन नाही. हे सगळं ऐकून झालं की समोरचे विचारतात, घर कसं आहे? गेल्या मार्चमध्ये धानोऱ्याकडचे पाहुणे घर पाहायला येणार असा निरोप आला, तेव्हा हाताशी चार दिवस होते आणि घराच्या नावानं आनंदीआनंद होता.

थोरला भाऊ कामासाठी बाहेरगावी, म्हणून सजावटीची सूत्रं वहिनीनं हाती घेतली. तिचा अभ्यास दांडगा. मोबाईलवर ‘कमी खर्चात घर सजवा’ सांगणाऱ्या बायकांचे सगळे व्हिडिओ तिनं पाहिलेत. त्या बायका सुरुवातच करतात, ‘घरात पडून असलेली जुनी पितळी समई घ्या.’ आमच्या घरात पडून असलेली एकच वस्तू होती, कापूस. पुढच्या खोलीत, कमरेच्या वर. भाव वाढेल म्हणून आबांनी तो दिवाळीपासून विकला नव्हता. भाव काही वाढला नाही, आम्ही मात्र घरात आडवं चालायला शिकलो.

आधी भिंत झाली. ओलीनं गिलावा सुटून आतल्या विटा दिसत होत्या. वहिनीनं शहाद्याहून विटांचं चित्र असलेला चिकट कागद आणला आणि खऱ्या विटांवर खोट्या विटा चिकटवल्या. कबूल करतो, खोट्या जास्त खऱ्या वाटत होत्या. आईच्या दोन साड्यांचे पडदे झाले. फवारणीचा पंप, खताच्या गोण्या, आबांची खाट सगळं गोठ्यात गेलं. आबाही खाटेमागून निघाले होते, त्यांना थांबवलं.

राहिला कापूस. तो हलवायला जागाच नव्हती. मग वहिनीला साक्षात्कार झाला. आम्ही तिघांनी तो तुडवून तुडवून सपाट केला, वर गोधडी, गोधडीवर जांभळी चादर, भिंतीला लोड. एखाद्या संस्थानिकानं मागून न्यावा असा दिवाण तयार झाला.

आई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, “भाऊ, आते मोठा लोकस्नं घर दिसी ऱ्हायनं.”

मी हसलो नाही. हे पाचवं स्थळ होतं आणि मला हे लग्न फार हवं होतं. मुलीचा फोटो मी इतक्या वेळा पाहिला होता की मला स्वतःचीच लाज वाटायची.

मुलीचे वडील, मामा आणि मध्यस्थ आले. दिवाणावर बसले. मध्यस्थ म्हणाले, “बैठक झकास शे!” वहिनी पडद्याआड फुलून गेली. चहा आला, आणि मामांनी मनगट खाजवलं. मग मान. मग मध्यस्थांनी पोटरी.

साठवलेल्या कापसात बारीक किडे होतात आणि उन्हाळा लागला की अंगाला खाज सुटते, हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. आम्ही रोजच खाजवत होतो. इतकं अंगवळणी पडलं होतं की हेही पाहुण्यांपासून लपवायचं असतं, हे चौघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

“उकाडा फार शे,” आबा म्हणाले. वहिनीनं पंखा वाढवला. मामा उठून खोट्या विटांना पाठ घासू लागले.

मुलीचे वडील शांत होते. त्यांनी चादरीखाली हात घातला, चिमूटभर कापूस ओढून काढला आणि दोन अंगठ्यांनी ताणून धागा पाहिला.

“माल चांगला शे. लपाडा कसाले?”

“भाव नई ना, पाव्हना,” आबा पुटपुटले.

“मन्हा घरम्हा बी शे.” मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या आवाजात टोमणा शोधत होतो, तो नव्हता. “पोऱ्या चांगला शे तुमना. पन मन्ही आंडेर, मन्ही पोर, कापूसवरच झोपनी, खाजाडी खाजाडी मोठी व्हयनी. आते ज्या घरम्हा कापूस नई, तठे तिले देवानी शे.”

त्यांनी चहा शेवटच्या घोटापर्यंत घेतला. वहिनी आत रडत होती. त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला मी गेलो तो भांडायच्या तयारीनं. पण चालता चालता वाटलं, मला बहीण असती, तर मीही तिला आमच्यासारख्या घरात दिलं नसतं. मी त्यांना तसं सांगून टाकलं.