मणियार मॅडमचे सतरा गुण

स्वाध्याय हातात दिला की मणियार मॅडम तो न उघडताच विचारायच्या, "हाई त्यानी वाचं का?" तो म्हणजे ज्याच्या व्हिडिओवर आम्ही लिहिलंय तो माणूस. शहाद्याच्या आमच्या कॉलेजात त्या 'नवमाध्यम समीक्षा' शिकवायच्या, तासिका तत्त्वावर, म्हणजे दर जूनला नव्याने नेमणूक. त्यांचा नियमच होता. रील असो की यूट्यूबवरचा विनोद, त्याची समीक्षा आधी त्याच्याच खाली, कमेंटमध्ये, स्वतःच्या पूर्ण नावाने टाकायची. कागद त्यानंतर. "माले गुपचूप आनी दिधं तं ती चुगली. त्याना तोंडवर बोल, मंग मी मार्क देसू."

घरचं बांगड्यांचं दुकान, हातात मात्र फक्त घड्याळ. वर्गात पुस्तकी मराठीने सुरुवात करायच्या आणि रंगात आल्या की अहिराणीवर यायच्या. एकदा एका मुलाने मोबाइलकडून लिहून घेतलेला गुळगुळीत निबंध वाचायला घेतला. दुसऱ्याच वाक्याला मॅडमनी हात वर केला. "थांब. हाई तू नही बोली ऱ्हायना, तुन्हा फोन बोली ऱ्हायना. फोनले खाले ठेव, आते तू बोल." त्याने फोन बाकावर उपडा ठेवला. मग म्हणाला, "मॅडम, त्या रीलमा सूनले रोज रडावतस आनि लोके हासतस. माले ते बरं नही वाटत." मॅडम म्हणाल्या, "हाई समीक्षा." गुण त्यांनी त्या दोन वाक्यांना दिले.

मी तळोद्याच्या वरच्या पाड्यातली, पावरा आदिवासी. घरून निघायचं तर पहाटेची जीप गाठावी लागते. मी निवडला तो व्हिडिओ आमच्या भागात घरोघरी गाजलेला होता. डोंगरातला माणूस तीरकामठा घेऊन बसस्टँडवर येतो, बोबडं बोलतो, कंडक्टर त्याला पिटाळतो आणि सगळं स्टँड हसतं. मी त्याखाली लिहिलं, "हा माणूस बोलतो ती पावरी नाही, भिली नाही, आमच्या डोंगरातल्या कोकणा लोकांची कोकणीही नाही. ती फक्त हसणाऱ्यांसाठी बनवलेली भाषा आहे. माझे वडील याच स्टँडवर उभे राहतात. त्यांना विचारून तरी बघायचं होतं." खाली माझं नाव आणि गाव.

मॅडमनी वीसपैकी सतरा दिले. मी तोंड वाकडं केलं. "तो पोऱ्या नक्कल मस्त करस, ते कसाले लिखं नही? ज्यानावर राग शे, त्यानंबी चांगलं लिखनं पडस बेटा."

नक्कल करणारा तो पोऱ्या संस्थाचालकांचा पुतण्या निघाला. कमेंट गावभर फिरली, आमच्या पाड्यांवर पोचली, आणि तिच्याखाली डोंगरातल्या पोरापोरींची नावं वाढायला लागली. त्याने स्वतः ती पुसली असती तर घाबरला म्हणून आणखी हसं झालं असतं, म्हणून ती मीच काढायला हवी होती. प्राचार्यांनी आम्हा दोघींना बोलावलं. पुतण्या आधीच खुर्चीत बसलेला. प्राचार्य मला सोडून मॅडमशीच बोलले. "मुलीला कमेंट काढायला सांगा, स्वाध्याय रद्द करा आणि विषय मिटवा. जून जवळ आलाय, तुम्हाला कळतंय ना?"

"कळतंय सर," मॅडम स्वच्छ पुस्तकी मराठीत म्हणाल्या. "गुण मी दिलेत, ते सतराच राहतील. कमेंट तिची आहे, ती ठेवायची की नाही हे तिला विचारा."

मला कुणीच विचारलं नाही. पुतण्या उसळला, "मन्ही बदनामी व्हयनी!"

मॅडम त्याच्याकडे वळल्या. आवाज वर्गातलाच. "भाऊ, तूबी उत्तर लिख. तुन्हं नाव टाकीसन. चांगलं लिखशी तं तुलेबी मार्क देसू."

मला हसू दाबता येईना. प्राचार्य पेनाचं टोपण काढत-लावत बसले.

निकालात माझे सतरा जसेच्या तसे आले. जूनमध्ये नेमणुका झाल्या, त्यात मॅडम नव्हत्या. मला इतका संताप आला की रडूही येईना. तेवढ्यात प्राचार्यांनी मला एकटीला बोलावून गोड आवाजात सांगितलं, की अजून वेळ गेलेली नाही. तू कमेंट काढ, आम्ही मॅडमना परत घेतो.

मी थेट बाजारात त्यांच्या दुकानावर गेले. मॅडम एका नवरीच्या हातात चुडा भरत होत्या. मी उभ्याउभ्याच म्हणाले, "मॅडम, मी काढते ती कमेंट. तुम्हाला परत घेणार आहेत."

त्यांनी नवरीचा पंजा दाबला, बांगडी अलगद मनगटावर सरकवली आणि मगच मान वर केली.

"काढ. मी आत्तेच कॉलेजमा जासू, तुन्हा सतरा खोडसू आनि शून्य लिखसू."

"पण तुमची नोकरी?"

"नोकरी मन्ही शे. कमेंट तुन्ही शे. तू तुन्ही सांभाळ." आणि त्यांनी पुढची बांगडी उचलली.

कमेंट अजून तिथेच आहे. ती काढा म्हणून अधूनमधून मला फोन येतात, कधी गोड, कधी धमकीचे. मी सांगते, जे म्हणायचंय ते तिथे खाली लिहा, आणि फोन ठेवते.